आखाजीचा जबाब

भाऊंच्या नऊ डायऱ्या वहिनींनी मला केळीच्या वेफर्सच्या पिशवीत घालून दिल्या. म्हणाल्या, "पोरांना वाचायच्या नाहीत आणि मला रद्दीत टाकवत नाहीत. तुम्ही वाचणाऱ्या, तुमच्याकडेच राहू द्या." पिशवी अजून तीच आहे आणि तिला अजून तळणीचा वास येतो. भाऊ जाऊन अकरा महिने झाले. मी रोज दोन पानं वाचते. त्याहून जास्त वाचवत नाही. अक्षर गिचमिड आहे हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे संपतील.

भाऊ पोलीस हवालदार होते आणि मी धुळ्याच्या जिल्हा रुग्णालयात मानसशास्त्रज्ञ. आम्हा दोघांना एका गाडीत बसवण्याची कल्पना कुणा वरच्या साहेबांची. कुणी घरात भांडी फेकतंय, कुणी टाकीवर चढून बसलंय, कुणी तीन दिवस रस्त्याच्या दुभाजकावर भाषण करतंय, असे फोन पोलिसांकडे येतात. पोलीस जातात आणि त्यांना ठाऊक असलेल्या दोन गोष्टी करतात: दम देतात, नाहीतर धरून आणतात. तर त्यांच्याबरोबर मनाचं शिकलेलं एखादं माणूस पाठवून पाहू, असं ठरलं. रुग्णालयाने मला दिलं. मी सगळ्यांत नवी होते आणि आमच्या विभागात एक खुर्ची कमी होती. सोमवार आणि गुरुवार पोलिसांची गाडी, उरलेले दिवस ओपीडी.

पहिल्या दिवशी मी गाडीत बसले तेव्हा मांडीवर पुस्तक होतं. भाऊंनी ते पाहिलं, मग मला पाहिलं, मग ड्रायव्हरला म्हणाले, "आज शाळा तपासणी शे वाटतं." पंधरा दिवस ते मला मॅडम म्हणत होते, नंतर ताई म्हणू लागले. मी पहिल्यापासून भाऊच म्हणत होते. तिथे सगळेच त्यांना भाऊ म्हणत, अगदी ज्यांना त्यांनी कधीकाळी आत टाकलं होतं तेसुद्धा.

मी जळगावकडची, मुक्ताईनगरच्या बाजूची. आमची बोली वेगळी, धुळ्याकडची अहिराणी वेगळी. मला ती समजायची, पण बोलायला गेले की भाऊ डोळे मिटून घ्यायचे. "ताई, तुम्ही मराठीच बोला. पेशंटले वाटी, केळीनी गाडी चुकीसन आठे उनी." उनी म्हणजे आली, आणि केळी आमच्या जळगावकडची. त्यामुळे आमची वाटणी झाली. बोलायचं मी, आणि जिथे माझं बोलणं आपटेल तिथे ते उचलून घ्यायचे.

त्यांची एक रीत होती. ती मी कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती, नंतरही कुठे सापडली नाही. गाडी घरासमोर न्यायची नाही. दूध डेअरीपाशी, पिठाच्या गिरणीपाशी उभी करायची. टोपी काढून पिशवीत, काठी गाडीतच. मग चालत जायचं आणि ओट्यावर बसून पहिल्यांदा पाणी मागायचं. पोलीस दारात उभा राहिला की घराची अब्रू जाते आणि बसून पाणी प्यायला की तो पाहुणा होतो, असं त्यांचं म्हणणं. पाण्यामागून चहा येतोच. एकदा चहा आला की ज्याच्यासाठी आपण आलो तो माणूससुद्धा, कितीही बिनसलेला असला तरी, दाराआडून बघतो की हे कोण आलंय.

सवयही एक होती. त्यांना लिहिल्याशिवाय ऐकू यायचं नाही. अठ्ठावीस वर्षं पोलिसात काढलेली. कान आणि हात एकाच तारेने जोडलेले. बॉलपेनला दोरा बांधून तो डायरीला अडकवलेला असे. मी म्हणायचे, "भाऊ, लोक घाबरतात लिहिलं की." ते म्हणायचे, "नई लिखं का जास्त घाबरतस. म्हणतस, यानी काय ध्यानमा ठेवं कोन जाणे."

त्या डायऱ्यांतलं एक पान असं आहे: "सदर इसम छतावर. मॅडम खाली. मॅडम बोलत आहेत. इसम ऐकतो किंवा कसे ते खालून समजत नाही. पाऊण तास. शेजाऱ्यांकडून चहा. इसम स्वतः खाली. मॅडमचा घसा बसला." माझ्या कामाचं याहून खरं वर्णन मी वार्षिक अहवालातसुद्धा केलेलं नाही.

आबांचं प्रकरण संक्रांतीनंतर आमच्याकडे आलं.

सोनगीरच्या पुढे, हायवे सोडून आत गेलं की त्यांचं गाव. आबा सत्तरीच्या पुढचे, बांध्याने काटक, पांढरी टोपी, बंडी. ते दर सोमवारी बाजाराच्या एसटीने ठाण्यात यायचे आणि बाकावर बसून एकच तक्रार सांगायचे: बाई सापडत नाही. बाई म्हणजे बायको. ती पावसाळ्यात वारली होती. सगळ्या गावाने तिला पोचवलं होतं, मुलाने अग्नी दिला होता, दहावं-तेरावं रीतीप्रमाणे झालं होतं. ठाण्यातल्या पोरांनी आधी समजावलं, मग हसले, मग चिडले. सहाव्या सोमवारी साहेबांनी आमच्याकडे बोट दाखवलं.

आम्ही गेलो, पाणी प्यायलो. आबा माझ्याशी छान बोलले. कापसाचा भाव, एसटीच्या वेळा, नातवाची इयत्ता, सगळं जागच्या जागी. फक्त बाईचा विषय निघाला की रस्ता एकदम वळायचा. "गई कोठे तरी. येवाले जोयजे व्हती आतेपावत." एव्हाना यायला हवी होती म्हणे.

मी म्हटलं, "आबा, एकदा दवाखान्यात या. झोप लागत नाही म्हणता ना, तेवढं बघू."

"माले काय झायं? सापडत नई ती ती. मी त आठेच शे."

हरवली ती ती, मी तर इथेच आहे, असा सरळ हिशेब. मी भाऊंना बाजूला घेऊन सांगितलं की, अशा माणसाशी वाद घालायचा नसतो आणि त्याच्या म्हणण्याला होही म्हणायचं नसतं. मधल्या वाटेने चालायचं. भाऊंनी मान हलवली. मी सुनेशी बोलायला आत चुलीपाशी गेले. जेवण कसं आहे, रात्री उठतात का, रागावतात का, हे विचारून बाहेर आले तर आबा एक कागद घडी करत होते. प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी बंडीच्या आतल्या खिशात. चेहऱ्यावर समाधान.

"काय दिलं तुम्ही?"

"पोच," भाऊ म्हणाले.

त्यांनी हरवल्याची तक्रार लिहून घेतली होती. डायरीतला कागद फाडून त्यावर 'तक्रार मिळाली, तपास चालू आहे' असं लिहून खाली सही आणि बक्कल नंबर टाकला होता. एक पोलीसच करू शकेल अशी चूक. समोर बसलेला माणूस तक्रार सांगतोय आणि आपण ती घेत नाही, हे त्यांच्या हाताला जमलंच नाही.

परतताना सोनगीर आलं. रसवंतीपाशी त्यांनी गाडी थांबवली, मी उतरले नाही. ते काचेजवळ येऊन म्हणाले, "ताई, कागद हातमा पडना का माणूस शांत होस. मी दखेल शे."

"भाऊ, तुम्ही त्या माणसाला सरकारी आशा दिली आहे."

ते रसवंतीकडे परत गेले. आता डायरीत त्या तारखेला हे सापडलं: "मॅडम रागावल्या. रस घेतला नाही. मागवलेला असल्याने दोन्ही ग्लास मी घेतले."

आणि वाईट म्हणजे कागदाचा उपयोग झाला. आबा सोमवारी यायचे थांबले. सून म्हणाली, जेवतात, झोपतात, गोठ्यात जातात. कुणी काही विचारलं की खिशावर हात ठेवतात. ठाण्यातले साहेब खूश. त्या दिवसांत भाऊंचं शीळ घालणं वाढलं होतं. मी दोनदा पुन्हा जाऊन आले. मुलाला म्हटलं, आबांना एकदा डॉक्टरांना दाखवू या. तो म्हणाला, "आते त शांत शेतस, मॅडम. आखाजी होऊ द्या, मंग दखू."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात दिवाळीइतकी मोठी. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, आमरस, खापरावरची पुरणपोळी. आणि ज्या घरात वर्षभरात माणूस गेलेलं असतं त्या घरात त्याच्या नावाची घागर भरतात. लाल मातीची नवी घागर, तिच्यावर छोटं मडकं, वर खरबूज, आंबा, सांजोरी. गेलेल्याच्या जागी कुणाला तरी जेवायला बसवतात. त्या दिवसानंतर माणूस खरोखर पितरांत गेलं असं धरतात. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी मुलाच्या तोंडून तो शब्द ऐकताना माझ्या डोक्यात काही वाजलं नाही. शिकलेल्या माणसाची ही चूक भाऊंच्या चुकीशेजारी मी नेहमी मांडून ठेवते.

आखाजीला सुट्टी होती. मी खोलीवर पुस्तक घेऊन पडले होते. साडेदहाला भाऊंचा फोन आला. आवाजात शीळ नव्हती.

"ताई, आबांनी घागर फोडली. खोलीत जाऊन कडी लावली. हातात विळा आहे. मी गाडी घेऊन निघालोय, दाराशी उभ्या राहा."

आम्ही पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. त्या दिवसांत धुळ्याकडे अकरा वाजता डांबर मऊ होतं. आबा ज्या खोलीत होते तिचं छत पत्र्याचं. आत पंखा नाही, माठ नाही, सकाळी आठपासून दार बंद. एकच लहान खिडकी, गजांची, आतून लोटलेली. अंगणात फुटलेल्या घागरीचे तुकडे, भिजलेली माती, कोपऱ्यात गेलेलं खरबूज. पाहुणे लिंबाखाली उभे. ठाण्याचे फौजदार आमच्या आधीच आले होते, दोन शिपाई आणि एक दोर घेऊन. मुलाच्या हातात लिहून तयार असलेला अर्ज: वडिलांना वेडाचा झटका येतो, मनोरुग्णालयात पाठवावे. सकाळी घागर वाचवायला सून मधे गेली होती आणि तिच्या मनगटाला खापर लागलं होतं. तिने फडकं गुंडाळलं होतं आणि ती पाहुण्यांना सरबत देत होती.

फौजदार मला म्हणाले, "मॅडम, अर्धा तास. आत उकडून म्हातारा मेला तर जबाबदारी माझी. अर्ध्या तासाने दार तोडणार, धरणार, बांधून नेणार."

त्यांचं चूक नव्हतं. पण दार तोडून दोन जवान पोरं आत शिरली असती, आतल्या माणसाच्या हातात विळा, अंगात सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. कुणाला काय लागलं असतं सांगता येत नाही. आणि आबांना काही झालं नसतं तरी सगळ्या सोयऱ्यांसमोर दोराने बांधून गाडीत टाकलेला माणूस त्या गावात पुन्हा ओट्यावर बसला नसता.

मी दारापाशी जमिनीवर बसले. म्हटलं, "आबा, मी दवाखान्याची ताई."

आतून लगेच उत्तर आलं, घोगरं पण स्पष्ट. "मालूम शे."

"घागर का फोडली?"

"तपास चालू शे. तपास चालू असताना घागर कशी भरतस ह्या लोके? ती उद्या उनी त काय सांगू तिले?"

अंगणातल्या सगळ्यांच्या माना भाऊंकडे वळल्या. कागदाचं गावात सगळ्यांना माहीत होतं. फौजदारांना नव्हतं.

"कसला तपास?" फौजदार म्हणाले.

भाऊंनी पिशवीतून टोपी काढली, हातात धरली, पुन्हा पिशवीत ठेवली. म्हणाले, "सर, एक पोच दिलेली आहे."

"कुणाची?"

"माझ्या सहीची."

फौजदार त्यांच्याकडे बघत राहिले. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी थोडं बरं वाटलं. तीन महिने जो मुद्दा मी पटवू शकले नव्हते तो आता अंगणात सगळ्यांसमोर पडला होता. मग दाराआडून खोकल्याचा आवाज आला. सुक्या घशाचा. माझं बरं वाटणं तिथेच संपलं.

भाऊ माझ्या शेजारी येऊन उकिडवे बसले आणि हळू म्हणाले, "सांगून टाकू का, तपास बंद झाला म्हणून?"

"तुम्ही सांगून कसं चालेल? तुम्ही बंद केला तर ते दुसऱ्या ठाण्यात जातील."

"मंग?"

"बंद कसा करता तुम्ही? खरोखरचा असता तर?"

त्यांचा हात डायरीकडे गेला. "तक्रारदाराचा जबाब घेऊन. शेवटचं कुणी पाहिलं, कुठे पाहिलं."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मला भीती वाटली, हे लिहायला हरकत नाही. हा प्रश्न त्या माणसाला कुठे नेईल हे मला दिसत होतं. तिथून तो परत येईल का ते दिसत नव्हतं. पण घड्याळात वीस मिनिटं उरली होती. मी म्हटलं, "विचारा. पण सावकाश. आणि उत्तर एकही तुम्ही द्यायचं नाही. त्यांनी नाही दिलं तर थांबायचं."

"लिखू ना?"

"लिहा."

भाऊंनी मांडी घातली, डायरी उघडली आणि आवाज बदलला. ठाण्यातला आवाज. "आबा, तपासनं काम शे. तुमना जबाब लेणं शे. पन तिशेल माणूसना जबाब कायदामा चालत नई. पयले पाणी प्या."

आत खाट करकरली. मग, "कोणता कायदा?"

"नवा शे. बठ्ठा कायदा बदलनात आते, तुम्हले मालूम नई का?"

बठ्ठा म्हणजे सगळे नाहीत, पण कायदे नुकतेच खरोखर बदलले होते, त्यामुळे कुणी हसलं नाही. फौजदारसुद्धा गंभीर. खिडकीचं दार वीतभर उघडलं. सुनेने तांब्या पुढे केला. गजातून तांब्या जाईना, मग पेला दिला. एक, दोन, तीन पेले. तिसऱ्यानंतर आबांनी सुनेच्या मनगटावरचं फडकं पाहिलं असावं, कारण त्यांनी विचारलं, "काय लागनं?" ती म्हणाली, "काही नई, आबा." ते म्हणाले, "हळद लाव." खिडकी उघडीच राहिली.

"नाव सांगा बाईनं," भाऊ म्हणाले.

आबांनी सांगितलं.

"वय?"

"सत्तर लिखू नका. अडुसष्ट लिखा. तिले राग येई."

"बांधा? रंग?"

"सावळी. बारीक. डावा कानना मांगे डाग शे, तो लिखा, डाग."

"लिखा. सवय काय बाईनी? कोठे जावानी सवय शे?"

"कोठे जास ती? कोठेच नई जास. मी म्हणू, चाल, मुक्ताईनगरले जाई यिऊ, दर्शन करू. त म्हणे, गोठाले पाणी कोन दी? म्हैस काय तुमनी माय शे का, तुम्ही दिशात?"

लिंबाखालून एक म्हातारी खुदकन हसली आणि तोंडाला पदर लावला. भाऊ लिहीत होते. घाई करायला लागले की मी त्यांच्या डायरीच्या कोपऱ्यावर बोट ठेवायचे, मग ते थांबायचे. दहा मिनिटं गेली असतील. फौजदारांनी मनगट वर केलं, पुन्हा खाली केलं.

"घरमाईन निंघनी तव्हय काय नेसेल व्हती?"

"हिरवं लुगडं."

"कोन व्हतं संगे?"

"बठ्ठं गाव व्हतं."

भाऊंचं पेन थांबलं. मी मान हलवली, पुढे.

"कोठे गयात बठ्ठा?"

अंगणात कुणी हललं नाही. पत्रा उन्हाने कडकड वाजत होता.

"नदीवर."

"शेवटलं कोनी दखं बाईले?"

"मी दखं." मग थांबून, "पोऱ्यानी आग दिधी. मी मांगे उभा व्हतू."

मुलाने अर्ज धरलेला हात खाली केला. भाऊंनी वर पाहिलं नाही. 'मंग' हा शब्द त्यांच्या ओठांवर येताना मला दिसला आणि मी त्यांच्या हातावर हात ठेवला. विचारू नका. थांबा.

"मंग मी घर उनू," आबा म्हणाले. "ती नई उनी."

भाऊंनी तेही लिहिलं. मग नियमाप्रमाणे सगळा जबाब पहिल्यापासून वाचून दाखवला. नाव, अडुसष्ट, सावळी, डाग, म्हैस, हिरवं लुगडं, नदी. शेवटच्या वाक्यापाशी त्यांनी डायरी माझ्याकडे सरकवली, ते वाक्य मी वाचलं.

"बठ्ठं बरोबर शे का, आबा?"

"शे."

"सही करनी पडी. खिडकीमाईन जमत नई. डायरी मोठी शे."

पेला जात होता त्या गजांतून डायरीही सहज गेली असती. आबांनाही ते दिसत असणार. थोड्या वेळाने कडी वाजली. ते बाहेर आले ते उन्हाने डोळे बारीक करून, टोपी हातात, अंगातली बंडी घामाने काळी. विळा आत खाटेवरच होता. फौजदारांनी शिपायांना डोळ्याने मागे सारलं. आबांनी ओट्यावर बसून सही केली. तीन अक्षरांची सही करायला त्यांना बराच वेळ लागला, आणि झाल्यावर ते डायरी मांडीवर ठेवून रडले. मुलगा जवळ जाऊ की नको अशा पावलांनी गेला आणि शेजारी बसला. सुनेने ओलं फडकं आणून सासऱ्याच्या डोक्यावर ठेवलं. आम्ही तिकडे बघायचं नाही म्हणून लिंबाकडे बघत होतो.

सगळं इतकं सरळ झालं असं मात्र नाही. फौजदार म्हणाले, आता शांत आहेत तर लगेच गाडीत घालून दवाखान्यात नेऊ. मुलालाही ते पटलं. आबा म्हणाले, "पोलीसनी गाडीमा नई." मी म्हटलं, गाडीत नको. मंगळवारी मी ओपीडीत असते, तेव्हा या. फौजदार म्हणाले, आणि नाही आले तर? मी म्हटलं, नाही आले तर मी येईन. तीन दिवस विळा, फवारणीचं औषध, गुरांचा दोर, सगळं शेजारी नेऊन ठेवायचं आणि आबांना एकटं सोडायचं नाही, हे मुलाकडून कबूल करून घेतलं. फौजदारांनी लिहून मागितलं. मी लिहून दिलं, सहीसकट. भाऊ शेजारी उभे होते. त्यांनीच दोरा सोडवून त्यांचं पेन माझ्यापुढे केलं होतं.

पोच परत घ्यायची होती. भाऊंना ती हवीच होती, कारण ठाण्याच्या नोंदीत तशी कुठलीच तक्रार नव्हती आणि फौजदारांनी "त्या कागदाचं नंतर बघू" असं म्हणून ठेवलं होतं. आबा द्यायला तयार नव्हते. आम्ही त्यावरून परत भांडलो, अगदी हळू आवाजात. मी म्हणाले राहू द्या. ते म्हणाले तुमचं काय जातंय. कागद खिशातच राहिला. त्यासाठी भाऊंना पुढे एक खुलासा द्यावा लागला. तो त्यांनी माझ्याकडून लिहून घेतला आणि त्यातली सगळी चांगली विशेषणं खोडली.

त्या दिवशी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. नवी घागर कुंभाराकडे उरली नव्हती. सुनेने शेजारून वापरातला एक लहान माठ आणला, तो धुऊन भरला. आबा त्याच्याकडे बघत बसले, हात लावला नाही, पण फोडलाही नाही. आमरसाचे दोन घास खाल्ले. भाऊंनी चार पुरणपोळ्या खाल्ल्या आणि परतीच्या वाटेवर सोनगीरला पुन्हा रस मागवला. या वेळी मी प्यायले.

तीन दिवस माझं कशात लक्ष नव्हतं. सोमवारी आमची गाडी दुसरीकडेच गेली. मंगळवारी नऊ वाजता ओपीडी सुरू झाली. दहा झाले, साडेदहा झाले. भाऊंचे दोन फोन येऊन गेले, दोन्ही वेळा एकच शब्द: "उनात का?" अकराच्या सुमारास मी बाहेर डोकावले तर रांगेत पांढरी टोपी. धुतलेली बंडी, हातात केसपेपर, शेजारी सून, तिच्या मनगटावर नवी पट्टी. नंबर सत्तावन्न. मी म्हटलं, आबा, आत चला, मी सांगते. ते म्हणाले, "नई, माय. नंबर येवू दे. यष्टीना टाईमले येळ शे अजून."

नंबर आला तेव्हा बारा वाजत आले होते. मी कोपऱ्यात उभी राहिले. डॉक्टर तरुण होते, बाहेरचे. त्यांना यातलं फारसं काही ठाऊक नव्हतं, मीही जास्त सांगितलं नव्हतं. त्यांनी मान वर न करता विचारलं, "काय होतंय, बाबा?"

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. डॉक्टर शहरातले आहेत हे पाहून ते मराठीत बोलले, एकेक शब्द मोजून.

"होत काही नाही. बायको वारली माझी. झोप येत नाही."

डॉक्टरांनी लिहून घेतलं.